पोचा नसलेली पिकअप

१

रॉइस टॉलिव्हरची पिकअप मी खाणीतून वर ओढली, तेव्हा रॉइस अजून आतच होता.

खडीची ती खाण तेलाचा भाव पडल्यापासून बंद होती. आदल्या संध्याकाळच्या गारपिटीनं आणि पावसानं तिच्या तळाशी कमरेइतकं पाणी साठलं होतं. पिकअपचं नाक त्या पाण्यात रुतलं होतं आणि मागची चाकं वर आली होती. साखळी अडकवायला मी खाली उतरलो, काचेतून एकदा आत पाहिलं आणि मग मान वळवूनच काम केलं. रॉइसला मी शाळेपासून ओळखत होतो.

"गेला बिचारा," टोपी काढून शेरीफ म्हणाला. "स्वतःच जीव दिला, आणखी काय."

यावर तिथं कुणी वाद घातला नाही. रॉइसचा धंदा पिकअपचा. तेल कंपन्यांना तो तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गाड्या द्यायचा, मुदत संपली की त्याच गाड्या परत घ्यायचा आणि धुऊनपुसून पुन्हा विकायचा. गाडी देतानाच ती तीन वर्षांनी किती किमतीला परत घेणार ते तो कबूल करायचा, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. मग तेल पडलं. विहिरींवरची कामं थांबली. कंपन्यांनी एका हिवाळ्यात सगळ्या गाड्या आणून त्याच्या आवारात उभ्या केल्या, आणि कबूल केलेल्या किमतीच्या निम्म्यालाही त्यांच्याकडे कोणी फिरकेना.

आमच्या ड्राय फोर्क गावात त्या वर्षी धंदा चालला तो फक्त माझा. हप्ते थकलेल्या गाड्या ओढून न्यायचा. ज्यांच्या दारातून गाडी न्यायची ती माणसं ओळखीची. काही जण शिव्या घालायचे. काही जण किल्ली हातात ठेवून कॉफी विचारायचे, आणि ते जास्त जड जायचं.

जज ओफेलिया बाएसा आल्या तेव्हा गाडी वर आली होती आणि रॉइसला चादरीखाली ठेवलं होतं. मयत कशानं झालं हे ठरवून सही करायची, ती आमच्या काउंटीत त्यांनी. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखरे, आवाज मऊ. चादर वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपावर तळहात फिरवला.

"लॉनी, इथं हात लाव."

मी लावला. टप गार आणि गुळगुळीत होता.

"आता तुझ्या गाडीला लाव."

त्याची गरज नव्हती. माझ्या क्रेनच्या बॉनेटला कालच्या गारांनी जात्याच्या दगडाला लावावी तशी टाकी लावून ठेवली होती. खाणीच्या काठावरच्या निवडुंगाचा नुसता लगदा झाला होता. या गाडीचं नाक आपटून चेपलं होतं तेवढंच; टपावर, मागच्या हौद्याच्या कडांवर, कुठंही गारेचा एक पोचा नव्हता.

"हा कधी निघाला म्हणालात, शेरीफ?"

"काल दुपारी. ढग यायच्या आधी. त्याच्या मेव्हण्यानं, गार्लंडनं सांगितलं."

"आणि गारा पडल्या दिवस मावळताना." जजबाईंनी चादरीकडे पाहिलं. "सगळा गाव झोडपून निघत होता तेव्हा ही गाडी कुठल्या तरी छपराखाली होती. तिथून ती इथं कुणी आणली, हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

२

गार्लंड हटो रॉइसच्या बायकोचा भाऊ. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, पण मेव्हणे-मेव्हणे मिळून धंदा बघायचे. गाड्या आणायच्या आणि विकायच्या रॉइसनं, दुरुस्ती आणि धुलाई गार्लंडनं.

जजबाईंना गुडघ्यामुळे गाडी चालवता येत नसे, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. आवारात पिकअपच्या रांगाच रांगा. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, आणि सगळ्यांची डावी बाजू ठेचलेली. वारं त्या बाजूनं होतं. पलीकडे धुलाईची शेड. पत्र्याचं छप्पर, खाली ओढायचं शटर, आत दोन गाड्यांपुरती जागा.

गार्लंड ऑफिसात बसून होता. मोठा थोराड माणूस, पण त्या दिवशी कोट खुंटीला अडकवावा तसा खुर्चीत लोंबत होता.

"मी त्याला अडवायला हवं होतं," तो म्हणाला. "जेवणानंतर उठला आणि म्हणाला, गार्लंड, माझी वाट बघू नकोस. गेला. मला वाटलं, चक्कर मारून येईल. हल्ली असं करायचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? थोड्या वेळानं आभाळ काळं झालं. गारा येणार हे वासावरून कळतं आम्हाला. धंदेवाला जे करेल ते केलं. सगळ्यात महागड्या दोन गाड्या शेडमध्ये घेतल्या, ती पांढरी आणि ती मरून. बाकीच्यांना देव वाली. मग इथंच, या खुर्चीवर बसून राहिलो. पत्र्यावर असा आवाज, बाई, की स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येईना."

"कोणी आलं होतं?"

"त्या वेळी कोण येतंय? हां, दुपारी एक आला होता. युसेबियो लेर्मा. विहिरींवर काम करणारा पोरगा. आमच्याकडून गाडी घेतली, ती बंद पडली, म्हणून रॉइसच्या अंगावर धावून आला. रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं. म्हणाला, तू माझ्या पोटावर पाय दिलास, मी तुला सोडणार नाही." गार्लंडनं डोळे चोळले. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण तुम्ही विचारलंत."

आम्ही बाहेर पडेपर्यंत, दारात उभं राहून हे ऐकलेल्या शेरीफची गाडी लेर्माच्या घराकडे वळली होती.

३

रॉइसची मुलगी मार्ला आवारातच विक्रीचं काम बघायची. ती आम्हाला तिच्या घरी, स्वयंपाकघरात भेटली. समोर बिस्किटांचं ताट भरून होतं. शेजारपाजारच्यांनी आणून दिलेलं. तिनं एकालाही हात लावला नव्हता.

"तुम्ही सही करून टाका," ती जजबाईंना म्हणाली. "मला माहीत आहे ते का गेले. माझ्यामुळे गेले."

"काय झालं होतं?"

"भांडलो आम्ही. तो युसेबियो येऊन गेल्यावर बाबांनी मला बोलावलं. म्हणाले, तो खरं बोलतोय. आपल्या गाड्यांचे मैल मोजायचे मीटर कुणीतरी मागे फिरवलेत. एकच नाही, कितीतरी. उद्या सकाळपासून एकेका गिऱ्हाइकाला फोन करतो, गाडी परत घेतो आणि पैसे देतो." ती थांबली. "कुठून देणार होते? राहतं घर विकून. आईनं बांधून घेतलेलं घर. मी म्हटलं, आई असती तर तिला तुमची लाज वाटली असती. तुम्हाला धंदाही करता येत नाही आणि लबाडीही. कुठं जायचं ते जा."

"मग?"

"मग मी घरी आले. गारा पडायला लागल्या तेव्हा इथं टेबलाखाली बसले होते आणि देवाशपथ, तेव्हासुद्धा माझा राग गेला नव्हता."

जजबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मार्ला, बाबा नेमकं काय म्हणाले? उद्या सकाळपासून फोन करतो?"

"हो."

"आणि मीटर कुणी फिरवले, हे म्हणाले?"

"नाही. म्हणाले, आधी त्याच्याशी बोलतो."

परत येताना गाडीत जजबाई म्हणाल्या, "उद्या सकाळचं काम ठरवलेला माणूस दुपारी खाणीत उडी घेत नाही, लॉनी."

"घेऊही शकतो. पोटच्या पोरीचे ते शब्द ऐकल्यावर."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "म्हणून मला पोरीला नुसतं समजवायचं नाहीये. ठाम सांगता येईल असं काहीतरी हवंय."

४

युसेबियो लेर्मा कोठडीत भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. पंचविशीचा असेल. हाताची नखं तेलानं काळी. शेरीफ खुशीत होता. कारण पोरानं तोंडच उघडलं नव्हतं, आणि गप्प बसणारा माणूस आमच्याकडे निम्मा गुन्हेगार ठरतो.

"काल संध्याकाळी गारा पडताना तू कुठं होतास?" जजबाईंनी विचारलं.

"घरी."

"तुझी बायको म्हणते तू घरी नव्हतास."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"पोरा, माझं ऐक. रॉइस गारा पडून गेल्यावर त्या खाणीत गेला. तुझी गाडी बंद. तुझ्या घराला गाडी उभी करायला छप्पर नाही. तू यात कुठंच बसत नाहीस. पण तू खोटं बोललास तर मला हे कुणालाच पटवता येणार नाही."

मग तो बोलला, पण आमच्याकडे न बघता.

"मी तिथंच होतो. आवारात."

शेरीफ पुढे सरकला. जजबाईंनी हातानं त्याला थांबवलं.

"दुपारी भांडून घरी गेलो. बायको रडत होती. एक कंत्राटदार सोमवारपासून काम देणार होता, पण गाडी असेल तरच. साठ मैल जायचं रोज. मीटरवर चाळीस हजार मैल बघून मी ती गाडी घेतली, बाई. माझ्या मेव्हण्यानं यंत्र लावून पाहिलं तर इंजिन एक लाख तीस हजार मैल चाललेलं. म्हटलं पुन्हा जाऊ. या वेळी पाया पडू. आठवडाभरासाठी एखादी गाडी वापरायला द्या म्हणू. चालत गेलो. ऑफिसचं दार वाजवलं, कोणी नाही. आत दिवा नाही. शेडचं शटर खाली. तेवढ्यात गारा आल्या. अंड्याएवढ्या. मी ऑफिसच्या पडवीत उभा राहिलो, खांबाला धरून."

"ऑफिसात कोणी नव्हतं?"

"काचेतून पाहिलं ना मी. रिकामं."

"आणखी काय पाहिलंस?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "ती मरून गाडी. सगळ्यात पुढं उभी असते ती. आम्ही कामावर जाता-येता तिच्याकडे बघायचो. तिचं बॉनेट माझ्या डोळ्यांसमोर ठेचून निघालं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा आता. नंतर सकाळी कळलं, म्हातारा गेला. आता हे सगळं मी कुणाला सांगू? माझ्याच अंगावर येणार."

"आलंच आहे," शेरीफ म्हणाला. "त्यानंच कबूल केलं की तो तिथं होता."

जजबाई उठल्या. गुडघा धरून दाराशी थांबल्या.

"गार्लंड म्हणतो, मरून गाडी शेडमध्ये होती. हा म्हणतो, उघड्यावर. दोघांतला एक खोटं बोलतोय, शेरीफ. आणि कोण, ते आपल्याला माणसांना विचारायचं कारण नाही. गाडीच सांगेल."

५

मरून पिकअप शेडच्या आत, अगदी मागच्या भिंतीशी तोंड करून उभी होती. गार्लंड आमच्यामागून आला. मार्ला त्या दिवशी वडिलांना आणायला लबॉक शहरात गेली होती, शवचिकित्सा तिथं झाली होती. जजबाईंनी ती नसतानाचीच वेळ निवडली होती, असं मला वाटतं.

"ही बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

"कशाला? किल्ली कुठं—"

"किल्ली तिच्यातच आहे," मी म्हटलं, आणि गाडी मागं घेत बाहेर आणली.

दिवस कलला होता. आडवं ऊन पडलं की पोचे लपत नाहीत. प्रत्येक खळग्याला स्वतःची सावली येते. शेडच्या अंधारात जी गाडी कोरी करकरीत दिसत होती, तिच्या बॉनेटवर, टपावर, डाव्या दारांवर आता खळग्यांचं पीक उगवलं. उजवी बाजू साफ होती. शेजारच्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांसारखीच.

"आत आणताना चार गारा लागल्या असतील," गार्लंड म्हणाला.

"आत आणताना लागल्या असत्या तर गाडी वळताना दुसऱ्या बाजूलाही लागल्या असत्या. ही सगळी गारपीट संपेपर्यंत रांगेत रस्त्याकडे तोंड करून उभी होती." जजबाईंचा आवाज चढला नाही. "मी दोन दिवस विचार करतेय, गार्लंड. गारा येणार हे तुम्हाला वासावरून कळलं. तुम्ही आवारात होतात. शेडमध्ये दोन गाड्यांची जागा आहे. मग तुमच्यासारखा धंदेवाला आवारातली सगळ्यात महागडी गाडी डोळ्यांदेखत ठेचू का देईल? एकाच कारणासाठी. तिची जागा अडलेली होती. आणि जी गाडी ती जागा अडवून होती, ती त्याला बाहेर काढता येत नव्हती."

गार्लंडनं बॉनेटवरची नजर शटरकडे वळवली.

"गारा पडत असताना तुम्ही ऑफिसात नव्हतात. लेर्मानं दार वाजवलं, काचेतून पाहिलं. तुम्ही शटरच्या आत होतात. आत पांढरी गाडी होती. आणि त्या संध्याकाळनंतर गावात एकच दुसरी पिकअप अशी आहे, जिला गारेचा एकही पोचा नाही. रॉइसची."

तो शेडच्या उंबऱ्यावर खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण बसताना आवाजसुद्धा झाला नाही.

"मी मीटर फिरवले," तो म्हणाला. "रॉइसला ठाऊक नव्हतं. या गाड्या विहिरींवर चालतात, बाई. तीन वर्षांत दहा वर्षांचं आयुष्य संपतं त्यांचं. भाव होता तोवर कुणी मैल बघत नव्हतं. भाव गेला आणि लोक मैल बघायला लागले. सगळं बुडत होतं. मी म्हटलं, थोडे दिवस. तेल वर येईल. नेहमी येतं."

"आणि रॉइस?"

"त्यानं गाडी शेडमध्ये आणली. हवा भरायला. मला म्हणाला, तू उद्या माझ्या शेजारी बसशील आणि प्रत्येक फोनवर तूच सांगशील काय केलंस ते. मी म्हटलं, मला तुरुंगात घालशील? तो म्हणाला, तेही बघू. निघायला वळला. मी दंड धरून ओढलं. एवढंच. मागं कोलमडला आणि डोकं आपटलं, गाडीच्या मागच्या लोखंडी हुकावर. हालचाल नाही. मग आभाळ फाटलं. मी शटर ओढलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिलो. गारा थांबल्यावर गावातली वीज गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी त्याला गाडीत घातलं, गाडी खाणीत ढकलली आणि चालत परत येऊन मरून गाडी त्या जागी आत घेतली."

"डॉक्टरला का नाही बोलावलंत?"

"मेलेल्या माणसाला डॉक्टर काय करणार?"

जजबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"गार्लंड, लबॉकहून मला फोन आला. त्याच्या फुप्फुसात खाणीचं पाणी होतं. खाणीत पडला तेव्हा तो श्वास घेत होता."

गार्लंडनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला विसरता आलेलं नाही. आश्चर्य नव्हतं ते.

"गारा पडत असताना," तो अगदी हळू म्हणाला, "मला एकदा काहीतरी ऐकू आलं होतं. मी स्वतःला म्हटलं, पत्राच वाजतोय."

६

युसेबियोला त्याच संध्याकाळी सोडलं. सोमवारचं काम मात्र हातचं गेलं होतं. कंत्राटदारानं दुसरा माणूस घेतला होता. गार्लंडनं कोर्टात सगळं मान्य केलं. मार्लानं आवार विकलं, राहतं घर विकलं, आणि मीटर फिरवलेल्या गाड्या एकेक करून परत घेतल्या. त्या ओढून आणायचं काम माझंच होतं. भंगारात जितकं आलं तितकं आलं. कुणी तिचे आभार मानले, कुणी तिच्या बापाच्या नावानं दार आपटलं. ती दोघांनाही सारखंच "बरं" म्हणायची.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी ती जजबाईंकडे आली. मी तिथंच होतो. उठायला लागलो तर म्हणाली, "बसा, लॉनीकाका."

मग जजबाईंना म्हणाली, "मला एकच विचारायचंय. ते माझ्यावर रागावून गेले नव्हते ना?"

"नाही. ते घरीच येणार होते. वाटेत अडवलं त्यांना."

"आणि त्यांना त्रास झाला का? नंतर?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाएसाबाईंना मी वीस वर्षं ओळखत होतो. मयताच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती; खुद्द स्वतःच्या भावाच्या मयतावर 'दारू' असं कारण लिहून सही केली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "डोक्याला लागलं तेव्हाच संपलं सगळं. त्यांना काही कळलं नाही."



"लबॉकला डॉक्टरांनी शवचिकित्सेचे कागद माझ्याच हातात दिले होते," मार्ला म्हणाली. "मी तिथंच पार्किंगमध्ये वाचले."

जजबाईंचा चेहरा उतरला.

"नाही, बरं झालं तुम्ही तसं सांगितलंत," मार्ला म्हणाली. "कुणाच्या तरी तोंडून मला ते ऐकायचंच होतं."

जजबाई उठल्या, गुडघा धरत कोपऱ्यातल्या शेगडीपर्यंत गेल्या आणि कॉफी गरम करत ठेवली. मार्लानं नको म्हटलं नाही.